अमेरिकेत सेन्सॉर बोर्ड नाही, मग कात्री कोण चालवतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नवीन आलेली मंडळी, किंवा लेकीकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा, इकडचा टीव्ही आणि सिनेमा बघून फिरून फिरून हेच विचारतात की बीचवर बघावं तर सगळा मोकळा कारभार आणि टीव्हीवर एक शिवी आली की बीप, हा काय प्रकार आहे? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतेय. लांब झालंय, हवा तो प्रश्न बघा आणि बाकीचे सोडा.

अमेरिकेत आपल्यासारखं सेन्सॉर बोर्ड आहे का?

सरकारी नाही. पण पूर्वी कधीच नव्हतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क, मेरीलँड अशा राज्यांची स्वतःची सिनेमा बोर्डं होती, शिकागोसारख्या शहरात तर पोलीसच सिनेमा पास करायचे. १९१५ साली सुप्रीम कोर्टानं सरळ सांगितलं होतं की सिनेमा हा नुसता धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य वगैरे लागू होत नाही. हे मत कोर्टानं बदललं १९५२ मध्ये, एका इटालियन सिनेमावर न्यूयॉर्कनं बंदी घातली होती त्या केसमध्ये. गंमत बघा, त्याच १९५२ साली आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा झाला, ज्यावर आपलं बोर्ड आजही चालतंय, आणि दिग्दर्शक के. ए. अब्बास कोर्टात गेले तेव्हा १९७० मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं सिनेमा आधी तपासणं योग्यच आहे असा निकाल दिला. म्हणजे दोन्ही देशांच्या वाटा इथंच फुटल्या. मेरीलँडचं बोर्ड मात्र रेटत रेटत १९८१ पर्यंत चाललं, ते शेवटचं.

मग जुने हॉलिवूड सिनेमे इतके सोवळ्यातले कसे? सरकारनं सांगितलं नव्हतं तर कुणी सांगितलं?

धंदेवाल्यांनी स्वतःच. सरकारनं कायदा करायच्या आत आपणच आपल्या हातानं कात्री लावून घेऊ, म्हणजे बाहेरचा कुणी घरात घुसणार नाही, हा सगळा हिशोब होता आणि अमेरिकेत करमणुकीच्या प्रत्येक धंद्यात पुढे हाच हिशोब झालेला दिसेल, सिनेमा घ्या, कॉमिक्स घ्या, गाणी घ्या, व्हिडिओ गेम घ्या.

१९२१-२२ च्या सुमाराला हॉलिवूडमध्ये एकामागून एक लफडी बाहेर आली, फॅटी आर्बकल या विनोदी नटावरचा खटला त्यातला सगळ्यात गाजलेला (त्याला ज्युरीनं शेवटी निर्दोष सोडलं, पण करिअर संपलं ते संपलंच). स्टुडिओवाल्यांनी मग विल हेज नावाच्या माणसाला आणलं, हा आधी देशाचा पोस्टमास्टर जनरल होता, चर्चमधला वजनदार माणूस, म्हणजे चेहरा एकदम स्वच्छ. १९३० मध्ये नियमावली लिहिली गेली, तिलाच हेज कोड म्हणतात. लिहिणारे दोघं, डॅनियल लॉर्ड नावाचे जेझुइट पाद्री आणि मार्टिन क्विग्ली नावाचे कॅथलिक प्रकाशक. चार वर्षं ती नियमावली कागदावरच राहिली, कारण मंदीचे दिवस, थिएटरं रिकामी, आणि मे वेस्ट या नटीचे चावट डायलॉग ऐकायला गर्दी होतेय म्हटल्यावर कोण कशाला कात्री लावेल!

१९३४ मध्ये मात्र पाणी डोक्यावरून गेलं. कॅथलिक चर्चनं 'लिजन ऑफ डीसेन्सी' काढली, लोकांकडून चर्चमध्ये उभं करून शपथ घेतली की घाणेरडे सिनेमे बघणार नाही. फिलाडेल्फियाच्या कार्डिनलनं तर कहर केला, घाणेरडे कशाला, कुठलाच सिनेमा बघू नका म्हणून फतवा काढला. गल्ला बसायला लागल्यावर स्टुडिओवाले सुतासारखे सरळ झाले. जोसेफ ब्रीन नावाचा कडक माणूस बसवला, त्याचा शिक्का नसेल तर सिनेमा लावायचा नाही, लावलात तर २५,००० डॉलर दंड. मोठी थिएटरं स्टुडिओंच्याच मालकीची होती, त्यामुळे पळवाटच नव्हती.

काय काय बंद होतं नक्की?

यादी मोठी आहे. गुन्हेगार शेवटी सुटता कामा नये. पाद्र्याची टिंगल नको. समलैंगिक माणूस तर दाखवायचाच नाही, तशी माणसं जगात आहेत हेच कबूल नव्हतं. नवराबायकोचे पलंग वेगवेगळे, मध्ये लॅम्प (हे कोडमध्ये असं लिहिलेलं नव्हतं, पण ब्रिटनच्या सेन्सॉरलाही डबल बेड खपायचा नाही आणि तिकडचा बाजार मोठा होता, म्हणून पडलेली ती सवय). बेटी बूप हे कार्टून आठवतंय का, आखूड झगा आणि मांडीवरचा गार्टर? १९३४ नंतर बघा, गार्टर गायब आणि झगा खाली आलेला. कागदावर काढलेल्या बाईला पण सोडलं नाही!

यातला सगळ्यात वाईट नियम लोक विसरतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम दाखवायला पूर्ण बंदी होती, १९५६ पर्यंत. म्हणजे ज्याला सभ्यता म्हणून दाखवत होते त्यात वर्णभेदही बिनबोभाट घुसवलेला होता.

आणि हुशार दिग्दर्शकांनी यातूनही वाट काढली हे पण सांगायला हवं. हिचकॉकचा १९४६ चा 'नटोरियस' बघा. लांब चुंबन चालणार नाही म्हटल्यावर त्यानं कॅरी ग्रँट आणि इंग्रिड बर्गमनला एकमेकांना चिकटवूनच ठेवलं, एक छोटं चुंबन, मग जेवायला काय करू या यावर कुजबुज, परत एक छोटं, तसेच चालत चालत फोनपर्यंत, फोनवर बोलता बोलता कानापाशी परत एक, असं मिनिट दोन मिनिटं चालू. प्रत्येक तुकडा नियमात बसतो आणि सगळं मिळून कुठल्याही सरळ चुंबनापेक्षा जास्त गरम. ब्रीनच्या माणसांना काही बोलताच आलं नसणार.

'गॉन विथ द विंड' सिनेमातल्या 'डॅम' या शिवीबद्दल ५,००० डॉलर दंड झाला होता म्हणतात, खरं का?

नाही. ही व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधीची व्हॉट्सअ‍ॅप स्टोरी आहे. निर्माता सेल्झनिकनं बरीच रदबदली केली आणि १९३९ मध्ये त्या शब्दासाठी नियमातच फट ठेवली गेली. दंड कुणीच भरला नाही.

मग हा कोड गेला कसा?

सरकारनं स्टुडिओंचा एकाधिकार मोडला म्हणून. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं स्टुडिओंना थिएटरं विकावी लागली, आणि थिएटर स्वतंत्र झालं म्हटल्यावर शिक्का नसलेला सिनेमा लावायला कुणाची भीती? त्यात टीव्ही घरोघरी आला, घरी फुकट सोवळं बघायला मिळतंय तर बाहेर पैसे देऊन तेच कोण बघणार. १९५३ मध्ये एक साधी प्रेमकॉमेडी फक्त त्यातल्या संवादांमुळे शिक्का नाकारला गेलेली, ती तशीच लावली आणि चांगली चालली. १९५९ मध्ये मर्लिन मन्रोचा 'सम लाइक इट हॉट' पण शिक्क्याशिवाय आला आणि तुफान चालला. १९६६ मध्ये जॅक व्हॅलेंटी स्टुडिओंच्या संघटनेचे नवीन प्रमुख झाले आणि त्यांनी १ नोव्हेंबर १९६८ पासून कात्री बंद करून लेबलं सुरू केली.

जी, पीजी, आर म्हणजे काय? मुलांना घेऊन जाता येतं का?

जी सगळ्यांना. पीजी म्हणजे आईबाबांनी बघून ठरवा. पीजी-१३ म्हणजे तेरा वर्षांखालच्यांसाठी जरा जपून. आर म्हणजे सतरा वर्षांखालचं मूल असेल तर बरोबर पालक हवा. एनसी-१७ म्हणजे अठराच्या आतल्यांना बंद, आईबाप असले तरी.

आपल्या लोकांचा गोंधळ आरमध्ये होतो. आपल्याकडे 'ए' सर्टिफिकेट असलं की पोराला आत सोडतच नाहीत, इकडे आर सिनेमाला दहा वर्षांच्या पोराला तुम्ही बरोबर असाल तर खुशाल सोडतात. यात कायदा कुठेच नाही, सगळी थिएटरवाल्यांची स्वतःची पद्धत आहे, त्यामुळे काही चेनमध्ये संध्याकाळी सहानंतर आर सिनेमाला सहा वर्षांखालच्या मुलांना तुमच्याबरोबर असले तरी घेत नाहीत. दारावर हुज्जत घालू नका, आधी वेबसाइट बघा.

पीजी-१३ ची गोष्ट छान आहे. १९८४ मध्ये इंडियाना जोन्सचा दुसरा भाग आला, तोच ज्यात भारत म्हणून काहीच्या काही दाखवलंय आणि आपले अमरीश पुरी माणसाच्या छातीतून धडधडतं काळीज बाहेर काढतात, आणि हे सगळं पीजी! पालक भडकले. दिग्दर्शक स्पीलबर्गनं स्वतःच सुचवलं की पीजी आणि आर यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे, आणि त्याच उन्हाळ्यात पीजी-१३ आलं. म्हणजे अमेरिकेच्या रेटिंगमध्ये आपल्या मोगॅम्बोचाही थोडा हात आहे.

हे रेटिंग देतं कोण?

लॉस एंजेलिसमध्ये काही पालकांचं एक मंडळ आहे, ज्यांना मुलं आहेत अशी साधी माणसं, पगारी. बहुतेकांची नावं गुप्त ठेवतात. २००६ मध्ये एका डॉक्युमेंटरीवाल्यानं खाजगी डिटेक्टिव्ह लावून ती नावं शोधून काढली, इतकं ते गुपित. सिनेमा त्यांना दाखवणं ऐच्छिक आहे म्हणतात, पण रेटिंग नसेल तर मोठ्या चेन हात आखडता घेतात, आणि एनसी-१७ मिळालं तर कितीतरी पेपर जाहिरात छापायचे नाहीत आणि व्हिडिओ दुकानं ठेवायची नाहीत, म्हणून निर्माता आपण होऊनच सीन कापून आर घेऊन येतो. कापा असं त्याला कुणी सांगितलं नाही बरं का! सरकारी बोर्ड असतं तर निदान कोर्टात तरी खेचता आलं असतं, इथं भांडायचं कुणाशी?

मारामारी, रक्त, गोळीबार सगळं चालतं आणि अंग दिसलं की बोंब, असं का?

हाच प्रश्न मला पण सगळ्यात जास्त छळतो. पीजी-१३ मध्ये शेकडो माणसं मरतात, फक्त रक्त उडताना दिसायला नको. आणि २०१० च्या 'द किंग्ज स्पीच'ला, ज्यात एक तोतरा राजा उपचाराचा भाग म्हणून चिडून शिव्या घालतो, त्याला आर, कारण एफवाली शिवी साधारण एकदा चालते, त्यापुढे गेलात की आर. नंतर शिव्या दाबून त्याची पीजी-१३ आवृत्ती पण काढली.

एक कारण कायद्यात आहे. अमेरिकेत अश्लीलतेचा कायदा फक्त लैंगिक गोष्टींना लागतो, हिंसेला लागत नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाचा एक कायदा सुप्रीम कोर्टात गेला, मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकायला बंदी करणारा, आणि कोर्टानं तो रद्द केला. न्यायमूर्ती ब्रेयर विरोधात होते, त्यांनी निकालातच विचारलं की तेरा वर्षांच्या मुलाला नग्न बाईचा फोटो असलेलं मासिक विकायला बंदी आणि त्याच बाईला बांधून, छळून मारायचा गेम विकायला परवानगी, याला काय अर्थ आहे? मला विचाराल तर याच्यापेक्षा सरळ कुणी बोललेलं नाही. पण बहुमत दुसरीकडे होतं.

दुसरं कारण साधं आहे, पैसा. मारामारी जगात कुठेही विकली जाते, डबिंग पण फारसं लागत नाही.

हे सगळं प्युरिटन लोकांमुळे ना?

हे उत्तर फार स्वस्त आहे. प्युरिटन सतराव्या शतकातले, आणि हेज कोड लिहिणारे, राबवणारे, बॉयकॉट करणारे बहुतेक कॅथलिक. प्रोटेस्टंट संघटना पण होत्या, नाही असं नाही, पण शहराशहरांत एका आदेशावर लाखो माणसं थिएटरपासून लांब ठेवायची ताकद कॅथलिक चर्चकडे होती. त्यात बहुतेक स्टुडिओमालक ज्यू, स्थलांतरितांची पोरं, आपल्याला परके म्हणून हिणवतील ही भीती कायमची, म्हणून जरा दबाव आला की माघार. सगळं खापर प्युरिटनांवर फोडलं की ही सगळी माणसं आणि त्यांचे हिशोब नजरेआड होतात.

टीव्हीवर बीप, पण एचबीओवर सगळं खुलं, हे कसं?

अँटेनावर फुकट दिसणारी चॅनेल्स सरकारी लहरी वापरतात, त्यामुळे त्यांच्यावर एफसीसी या सरकारी खात्याचा अंकुश आहे. केबलला तुम्ही पैसे भरून घरात घेता, तिथं हा नियम नाही. फुकटच्या चॅनेलवर पण रात्री दहा ते सकाळी सहा सूट असते, पोरं झोपलेली असतात या भरवशावर. विनोदी कलाकार जॉर्ज कार्लिनचा टीव्हीवर न चालणाऱ्या सात शिव्यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या एका रेडिओवर १९७३ मध्ये भरदुपारी लागला, एका बापानं तक्रार केली आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एफसीसीच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून हे चालू आहे.

जुन्या टीव्हीचा खरा मालक मात्र स्पॉन्सर. १९६८ मध्ये पेटुला क्लार्क या गोऱ्या गायिकेनं गाता गाता हॅरी बेलाफॉन्टे या काळ्या गायकाच्या दंडावर हात ठेवला, नुसता हात, तर स्पॉन्सर मोटार कंपनीच्या माणसाला ते खपेना, दुसरा टेक वापरा म्हणाला. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं बाकीचे सगळे टेक नष्ट करून टाकले, आता दाखवा नाहीतर सोडा. दाखवावंच लागलं. शाब्बास गं बाई! कंबर हलवत गाणाऱ्या एल्विस प्रेस्लीचं तर माहीतच आहे, जानेवारी १९५७ मध्ये एड सुलिव्हनच्या शोमध्ये कॅमेरा कमरेच्या वरच ठेवला होता. खाली काय चाललंय ते स्टुडिओतल्या पोरींच्या किंकाळ्यांवरून घरी बसलेल्यांनी ओळखायचं.

गायिका जॅनेट जॅक्सनचं प्रकरण काय होतं? अजून त्यावर बोलतात.

१ फेब्रुवारी २००४, ह्यूस्टन, सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा, हाफटाइम. गाण्याच्या शेवटी बरोबरच्या जस्टिन टिंबरलेक या गायकानं तिच्या ड्रेसचा तुकडा ओढला आणि छाती दिसली. किती वेळ? कोर्टाच्या कागदात नोंद आहे, एका सेकंदाचे सोळा भाग केले तर त्यातले नऊ. तेवढ्यावर एफसीसीकडे पाच लाखांवर तक्रारी, त्यातल्या खूपशा एकाच संघटनेनं छापील मजकूर देऊन करवून घेतलेल्या. दाखवणाऱ्या सीबीएस चॅनेलला ५,५०,००० डॉलर दंड. तो दंड अपील कोर्टानं रद्द केला आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला, म्हणजे आठ वर्षं कोर्टबाजी करून हातात शून्य.

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. २००६ मध्ये काँग्रेसनं दंडाची मर्यादा एका चुकीला ३२,५०० वरून ३,२५,००० डॉलर केली. त्याआधी नोव्हेंबर २००४ मध्ये एबीसी चॅनेलनं 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' न कापता दाखवायचं ठरवलं, माजी सैनिकांच्या दिवशी, तर साठाहून जास्त स्थानिक केंद्रांनी तो लावलाच नाही, शिव्यांवरून दंड बसेल म्हणून. वड्याचं तेल वांग्यावर! नंतर एफसीसीनं सांगितलं की त्यात काही गैर नव्हतं.

आणि भोगलं कुणी? कपडा ओढणारा त्याच महिन्यात ग्रॅमीत स्टेजवर माफी मागून मोकळा झाला, २०१८ मध्ये तर सुपर बोलच्या हाफटाइमला परत नाचला. जॅनेटच्या करिअरला जी उतरती कळा लागली ती लागलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जाता जाता एक, तो व्हिडिओ तेव्हा ऑनलाइन सापडेना, आणि यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी जावेद करीम म्हणतात की यूट्यूबची कल्पना सुचण्यात त्याचाही वाटा होता. झाकायला गेले आणि जगभर दाखवायचं दुकान उघडलं.

गाण्यांवर आणि कॉमिक्सवर पण असंच होतं का?

हो, तोच खेळ. १९५४ मध्ये सिनेटनं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर सुनावणी घेतली, प्रकाशकांनी घाबरून स्वतःचाच कोड काढला. त्या कोडच्या माणसानं एका गोष्टीतल्या अंतराळवीराला शेवटी काळा दाखवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि वर्णद्वेष वाईट हाच त्या गोष्टीचा विषय होता! प्रकाशक ऐकला नाही, छापली. १९८४-८५ मध्ये टिपर गोर, म्हणजे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अल गोर यांच्या पत्नी, मुलीसाठी आणलेल्या प्रिन्स या गायकाच्या रेकॉर्डमधलं एक गाणं ऐकून हादरल्या आणि त्यातून ते काळंपांढरं पालकांना सावध करणारं स्टिकर आलं. स्टिकरवाली सीडी वॉलमार्ट ठेवायचं नाही, म्हणून कंपन्या वॉलमार्टसाठी शिव्या पुसलेली वेगळी सीडी काढायच्या. परत तेच, कायदा कुठे नाही आणि कात्री आहेच.

ओटीटी आल्यावर सगळं मोकळं झालं असेल ना?

बरंचसं झालं, एफसीसीचा तिथं संबंध नाही. पण २०२० मध्ये डिस्ने प्लसवर 'स्प्लॅश' हा जुना जलपरीचा सिनेमा आला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की नायिकेचा पार्श्वभाग झाकायला कॉम्प्युटरवर केस वाढवलेत, आणि ते इतके बेकार दिसत होते की त्यांच्यामुळेच सगळ्यांनी तो सीन शोधून बघितला.

दुसरीकडे काही कुटुंबांना स्वतःलाच कापलेले सिनेमे हवे असतात, यूटामध्ये विशेष. तिथल्या एका कंपनीनं डीव्हीडी कापून विकायला सुरुवात केली, २००६ मध्ये कोर्टानं कॉपीराइटवर बंद पाडली. घरात बसून सॉफ्टवेअरनं नको तो भाग गाळायला मात्र २००५ च्या कायद्यानं परवानगी आहे. मला यात काही वावगं वाटत नाही, आपल्या घरात कुणी काय गाळावं हा त्याचा प्रश्न, आणि आपल्याकडे बाबा अजूनही चुंबनाच्या सीनला पाणी प्यायला उठतातच की.

मराठी सिनेमा इकडे लावायचा असेल तर रेटिंग घ्यावं लागतं का?

नाही. न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस अशा ठिकाणी जे मराठी-हिंदी सिनेमे लागतात त्यातले बहुतेक तिकिटाच्या साइटवर एनआर म्हणून दिसतात, म्हणजे रेटिंग नाही. आपल्या बोर्डाचं सर्टिफिकेट इकडे कुणी विचारत नाही, त्यामुळे भारतात कापलेला सीन इकडे दिसू शकतो, पण वितरकाकडे कुठली आवृत्ती आलीय त्यावर ते अवलंबून. एनआरला मुलांना सोडायचं की नाही ते थिएटर ठरवतं, काही ठिकाणी एनआर म्हणजे आर धरतात, तेव्हा टीनएजर मुलं एकटी पाठवणार असाल तर आधी फोन करून विचारा.